ताजं आणि घरचं

कृष्णाबाईकडून मासे घ्यायचे म्हणजे आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागे. चेंबूरला आमच्या बिल्डिंगच्या गेटाशी ती पाटी उतरवायची, वरचं ओलं फडकं बाजूला करायची आणि एखाद्या नव्या बाईनं बोय माशाच्या कल्ल्यात बोट घातलं की म्हणायची, "तुना नाक हाय ना? मंग बोट कशाला घालतेस?" भाव कमी करायला सांगितलं की ती सरळ फडकं ओढून घ्यायची. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. पण गिऱ्हाईक जात नसे, कारण तिच्यासारखे मासे आमच्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाकडे मिळत नव्हते.

तिचे नियम दोनच. मासे ताजे हवेत आणि घरचे हवेत. घरचे म्हणजे तिच्या स्वतःच्या होडीचे, माहुलच्या खाडीत रात्री टाकलेल्या जाळ्यात पहाटे सापडलेले. इतर कोळणी धक्क्यावरून माल उचलत, बर्फात ठेवत, दोन दिवस विकत. कृष्णाबाई त्याला नाक मुरडायची. होडीला काही मिळालं नाही तर ती त्या दिवशी यायचीच नाही.

मी नलिनी. मूळची कोकणातली, वडील गिरणीत होते. माझं आयुष्य महापालिकेच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलं, म्हणून कृष्णाबाई मला 'मास्तरीन' म्हणायची. माहुलच्या खाडीशेजारी तेलाचे कारखाने आहेत. त्यावरून मी तिला एकदा डिवचलं, "तुझ्या बोयींना रॉकेलचा वास येतो गं." ती म्हणाली, "मंग बरा हाय. तुजा गॅस वाचंल." त्या दिवसापासून आमची मैत्री झाली असं म्हणायला हरकत नाही.

तिचं लग्न आतेभावाशी झालं होतं. अनंता त्याचं नाव. तो लवकर गेला. मागे दोन मुलगे राहिले. थोरला निमेश होडी चालवायचा. धाकट्या विशालला खाडीचा चिखल कधी आवडला नाही. तो अंधेरीच्या एका स्टुडिओत दिव्यांच्या कामाला लागला, तिकडेच लग्न करून राहिला. निमेशच्या मनात हे सलत होतं. रात्री जागायचं त्यानं, जाळी विणायची त्यानं आणि होडीच्या मिळकतीत विशालचा अर्धा वाटा, हे आईचं फर्मान. दोघे समोरासमोर आले की दहाव्या मिनिटाला आवाज चढायचे.

वाटे कसे पाडतात ते मी एका नारळी पौर्णिमेला माहुलला जेवायला गेले तेव्हा पाहिलं. निमेशनं ओट्यावर कोळंबीचे दोन ढीग केले. कृष्णाबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. निमेशनं एका ढिगावर बोट ठेवून विचारलं, "हा कोनाचा?" ती पाठमोरीच म्हणाली, "विशालचा." दुसरा आपोआप निमेशचा झाला. मला गंमत वाटली. मी विचारलं, "दोन्ही सारखेच दिसतायत, मग हे नाटक कशाला?"

"सारका कायच नसते, मास्तरीन," ती म्हणाली. "एक ढीग जरा मोटा होतोच. मी बघून दिला त आईनं त्याला जास्ती दिला म्हनतील. न बघता दिला त कोन काय बोलनार?"

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता जेट्टीच्या शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. चेंबूरमधल्या एका खाजगी रुग्णालयात ऑपरेशन ठरलं. दोन बाटल्या रक्त लागेल असं सांगण्यात आलं. रक्तपेढीत साठा होता. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडचं चढवतो, तुमच्यापैकी कोणीतरी नंतर बदली रक्तदान करा. कृष्णाबाईनं पलंगावरूनच हात हलवला.

"मना परक्याचा रगत नको. कोन, कुठला, काय पितो, कवा काढून ठेवलेला. माजे दोन पोर हायत ना? त्यांचा घ्या. आजचा आज घ्या."

तिघांचा रक्तगट एकच निघाला. जुळणीच्या चाचण्या व्यवस्थित आल्या. दोघं भाऊ शेजारशेजारच्या खाटांवर आडवे झाले आणि रक्त दिलं. बऱ्याच महिन्यांनी ते एका खोलीत भांडण न करता बसले होते. दुसऱ्या दिवशी ते रक्त तिला चढलं. मीही तिथं होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ताजं आणि घरचं. याहून चांगलं काय असणार?

ऑपरेशन झकास झालं. ती घरी गेली, वॉकर धरून चालायला लागली, सुनेच्या कालवणाला नावं ठेवायला लागली. दहा-बारा दिवसांनी ताप आला. मग अंगावर लाल पुरळ उठलं, तळहातांपासून कानांपर्यंत. जुलाब सुरू झाले. डोळे पिवळे पडले. आधी डेंग्यू म्हणाले, मग औषधाची अॅलर्जी म्हणाले. रक्तातल्या पेशी मात्र रोज खाली येत होत्या, तेव्हा तिला मोठ्या रुग्णालयात हलवलं. निमेशनं मला फोन केला. "मावशी, तुम्ही या ना. डॉक्टर काय बोलतात ते आमच्या डोक्यावरून जातं."

तिथं रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर रेवती म्हणून होत्या. तरुण, बारीक आवाजाच्या, पण विचारलेलं टाळायच्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. रक्त कोणी दिलं? आणि नवरा नात्यातला होता का? उत्तरं त्यांनी कागदावर लिहून घेतली. मग मला बाहेर नेऊन नीट समजावलं. मी शिक्षिका असल्यानं तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं.

चढवलेल्या रक्तात देणाऱ्याच्या थोड्या पांढऱ्या पेशी जिवंत असतात. रक्त जितकं ताजं, तितक्या त्या जास्त. परक्याच्या असतील तर आपलं शरीर त्यांना ओळखून मारून टाकतं. पण पोटच्या मुलाच्या असतील, आणि आईबाप मुळात एकाच घराण्यातले असतील, तर कधीतरी असं होतं की आईच्या शरीराला त्या पेशींत परकं काही दिसतच नाही. ते त्यांना राहू देतं. त्या पेशींना मात्र आई परकी दिसते. मग त्या वाढतात आणि कातडीवर, यकृतावर, हाडांतल्या मगजावर तुटून पडतात. वॉचमननं घरचा माणूस म्हणून आत सोडलं आणि त्यानंच घर फोडलं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर पिशवीवर आधी किरण सोडून त्या पेशी निकामी करतात. पहिल्या ठिकाणी ते कोणी केलं नव्हतं. मला संताप आला. पण आता संतापून काय होणार होतं?

"हे नक्की आहे का?" मी विचारलं.

"नक्की करण्यासाठीच जनुकीय तपासणी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "यावरची औषधं प्रतिकारशक्ती पार झोपवतात. हा जंतुसंसर्ग असला आणि मी ती दिली, तर त्या औषधांनीच जातील. हा तोच आजार असला आणि मी थांबले, तर आजारानं जातील."

तपासणी कळायला सोपी होती. कृष्णाबाईची नखं कापून घ्यायची. नखं रक्त चढवण्याच्या आधी वाढलेली, म्हणजे त्यांत फक्त ती. मग आत्ताचं रक्त घ्यायचं आणि दोन्हींचे जनुकीय ठसे ताडून पाहायचे. रक्तात दुसऱ्या कोणाचा ठसा निघाला तर निदान पक्कं. पण मुलांचा निम्मा ठसा आईसारखाच असतो, त्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून दोघांच्याही गालाच्या आतल्या पेशी हव्या होत्या.

नखं तिनं मुकाट्यानं कापून दिली. एका नखाखाली अजून माशाचं खवलं अडकलेलं होतं. मुलांचं नाव निघताच मात्र तिनं डॉक्टरांचा हात धरला.

"म्हंजे कोनाच्या रगतानं झाला ते तुमाला कलंल?"

"हो, कळेल," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग नको."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. निमेश चिडला, विशाल पाया पडला. ती ऐकेना. दोघांना बाहेर काढायला लावलं आणि मला म्हणाली, "मास्तरीन, तुना म्हाईत हाय त्यांचा. आज वाट्यासाठी भांडतात. उद्या एक दुसऱ्याला बोलंल, तूच आईला खाल्ला. मी मेल्यावर बोलंल. जलमभर बोलंल. मी जगले काय, मेले काय, ता नको."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी दोघांना ओळखत होते. निमेशच्या तोंडातून असलं वाक्य एका रागासरशी निघालं असतं आणि विशाल पुन्हा माहुलची पायरी चढला नसता. पण तिची तब्येत तासातासाला ढासळत होती. मला तिचा रागही येत होता. माणूस मरत असताना कसला हा हट्ट?

"अगं, तुझ्या त्या कोळंबीच्या ढिगांसारखं करता येत असतं तर बरं झालं असतं," मी वैतागून म्हणाले.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "डॉक्टरीनला बोलव."

डॉक्टर रेवती आल्या. कृष्णाबाईनं विचारलं, "औषदासाठी तुमाला कोनाचा ता कलाया पायजे, का दोगांतला एकाचा हाय एवढा कलला त पुरे?"

डॉक्टर म्हणाल्या, "दोघांपैकी एकाचा आहे एवढं कळलं तरी औषध सुरू करता येईल."

"मंग नावं नका लिवू."

डॉक्टरांनी प्रयोगशाळेला फोन केला. तिकडे बराच वेळ नन्नाचा पाढा चालला. बिननावाचा नमुना आम्ही घेत नाही, वगैरे. शेवटी डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर मान्य करून घेतलं. निमेशचा आणि विशालचा गाल आतून कापसाच्या काडीनं पुसला गेला. काड्या दोन सारख्या नळ्यांत गेल्या. नळ्या मी घरून पोळ्या आणलेल्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. निमेशनं झाकण लावलं आणि डबा चांगला खळखळून हलवला. कृष्णाबाईनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तेवढं करतानाही तिला धाप लागली.

डॉक्टरांनी न बघता एक नळी काढली. काय विचारायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून निमेशनंच विचारलं.

"हा कितवा?"

"दोन नंबर," कृष्णाबाई भिंतीला म्हणाली. डॉक्टरांनी त्या नळीवर दोन लिहिलं, उरलेल्या नळीवर एक.

दोन दिवसांत अहवाल आला. नखात कृष्णाबाई एकटी होती. रक्तात मात्र ती जवळपास उरलीच नव्हती. तिथं दोन नंबर होता. डॉक्टरांनी त्याच दुपारी औषधं सुरू केली आणि दोघा भावांना समोर बसवून सांगितलं, "यात कोणाचाही दोष नाही. यापुढे दोघांनीही नातेवाइकाला रक्त देऊ नका. अनोळखी माणसाला खुशाल द्या. नळी कोणाची ते मला माहीत नाही, कुठे लिहिलेलंही नाही."

औषधांचा उपयोग झाला नाही. या आजारात बहुधा होत नाही, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. त्या दिवसांत तिला सतत दुसऱ्यांचं रक्त आणि प्लेटलेट चढत होत्या, आता किरण सोडलेल्या पिशव्यांतून. एकदा शुद्धीत असताना तिनं वर टांगलेल्या पिवळ्या पिशवीकडे बोट केलं.

"हा कोनाचा?"

"माहीत नाही मावशी," नर्स म्हणाली. "आम्हालाही सांगत नाहीत."

"बरा हाय," कृष्णाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, बोयी कोणाकडून घेतेस आजकाल? मी म्हटलं, घेतच नाही. ते तिला आवडलं. त्यानंतर तिच्याशी बोलणं असं झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी माहुलला जाऊन आले. निमेश ओट्यावर बसून होता. दाढी वाढलेली, होडी चिखलात तशीच कलंडलेली. त्याची बायको नमिता म्हणाली, जेवत नाही, झोपत नाही, एकच बोलतो, पहिली पिशवी माझी चढली, माझ्याच रक्तानं गेली. पिशवी पहिली की दुसरी यावरून काही ठरत नाही हे मी त्याला समजावलं. भिंतीशी बोलल्यासारखं झालं. कृष्णाबाईला एकानं दुसऱ्याला खाल्लेलं नको होतं. इथे एक जण स्वतःलाच खात बसला होता. हे तिच्या हिशेबात आलं नव्हतं आणि मला वाईट वाटलं.

महिनाभरानं सकाळी गेटाशी ओळखीची हाक आली. नमिता पाटी घेऊन उभी होती. फडक्याखाली खाडीच्या बोयी, चमकणाऱ्या. मी विचारलं, "निमेश जातो खाडीत?"

"जातो," ती म्हणाली. "विशालभावजी आले होते ना. त्यांना डॉक्टरनी खाजगीत सांगितलं म्हणे, दोन नंबर त्यांचा. यांच्यासमोर बसून रडले. दुसऱ्या दिवशी हे उठले, होडी धुतली."

मी बोयी घेतल्या. वर येऊन डॉक्टर रेवतींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी कोणाला काही सांगितलेलं नाही. सांगणार काय? मलाच माहीत नाही."

म्हणजे विशाल खोटं बोलला होता. खाडीला कंटाळून पळालेला, आयता वाटा खाणारा म्हणून निमेश ज्याला उभा-आडवा फाडायचा, तो विशाल. आता पुढच्या भांडणात निमेश ते बाहेर काढणार, या धास्तीनं मी रविवारी माहुल गाठलं. निमेशला खरं सांगून टाकावं, असं ठरवूनच गेले होते.

निमेश ओट्यावर मासे निवडत होता. दाढी केलेली होती. मी विषय काढणार तोच तो म्हणाला, "मावशी, विशाल काय बोलला ते नमितानं तुम्हाला सांगितलं ना?"

"सांगितलं. पण निमेश, ते..."

"खोटं आहे. मला माहीत आहे." तो खाली बघूनच बोलत होता. "डबा मी हलवला. कुठली नळी कुणाची, ते देवाला पण कळलं नसेल. डॉक्टरला काय कळणार? आणि विशाल लहानपणापासून खोटं बोलला की डावा कान ओढतो. रडत होता आणि कान ओढत होता."

"मग तू त्याला बोलला नाहीस?"

"नाही." त्यानं एक बोय उचलली आणि परत ठेवली. "त्याला वाटतंय मी मानलं. मी जेवतो म्हणून तो जेवतो. तुम्ही त्याला सांगू नका की मला कळलंय."

मी मान हलवली. त्यानं मासे दोन ढिगांत घातले. एकातून एक बोय काढून दुसऱ्यात टाकली, परत विचार केला, परत काढली. विशाल अंधेरीला होता, संध्याकाळी वाटा न्यायला येणार होता. ओट्यावर आम्ही दोघंच होतो.

"मावशी, जरा पाठ करा ना," निमेश म्हणाला. "आई करायची तशी. माझं मला करता येत नाही."

मी वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते, ते त्याला दिसत नव्हते हे बरं झालं.

"हा कोनाचा?" त्यानं विचारलं.

"विशालचा," मी म्हणाले.